ग्लास सगळ्यात शेवटी येतो

'दारू सोडवायला दोनदा ॲडमिट करून झालं, आता तिसऱ्यांदा पैसे कशाला घालवायचे?' असं पिणाऱ्या भावाबद्दल विचारणाऱ्या ताईंसाठी लिहितोय. ताई, मी स्वतः दारू सोडून चार वेळा घसरलोय.

तिसऱ्या वेळी अकरा महिने कोरडा होतो. मग चुलतभावाच्या हळदीत कोणीतरी म्हणालं, "एका बियरने काय होतंय?" पण खरी घसरण तीन आठवडे आधीच सुरू झाली होती. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला दांडी, बायकोशी उगाच कुरबुर, मुद्दाम बारवरून घरी येणं. ग्लास सगळ्यात शेवटी आला. पुन्हा दाखल झाल्यावर समुपदेशकाने हे सगळं तारीखवार वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून कपाटात, कपड्यांखाली आहे.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हवाच. आणि दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी चहातून चोरून देऊ नका (आमच्या आईने दिली होती!). त्यावर दारू गेली की उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. ती पिणाऱ्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा गट आहे, त्याच्या मीटिंगा मराठीतही होतात, फी नसते. 'स्लिप' झालेल्याला, म्हणजे पुन्हा प्यायलेल्याला, तिथे हाकलत नाहीत. मी मान खाली घालून परत गेलो, तेव्हा एका काकांनी काही न विचारता शेजारची खुर्ची ओढली आणि चहा पुढे सरकवला.