मदत हवी आहे : कोल्हापूर-नागपूर विमानात आईला नक्की किती वेळ बसावं लागेल?

नमस्कार मंडळी,

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, प्रवास करा, पण एका जागी तासाच्या वर बसू देऊ नका. नागपूरला धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण आहे आणि आईला जायचंच आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून जाते, पूर्ण एक दिवस मोडतो. सोलापूर-लातूर-नांदेडवरून गाडीनं जावं तर आठशेच्या वर किलोमीटर. म्हणून उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान.

अंतर शोधलं तर एकीकडे ७०२, दुसरीकडे ४३६, तिसरीकडे ३७९. वेळ एका ठिकाणी ५२ मिनिटं दिलीय, तिकीटवाले म्हणतात दीड-दोन तास धरा. काल आई खुर्चीत बसून मेथी निवडत होती, तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं. पन्नासाव्या मिनिटाला तिनं पाय लांब केला आणि गुडघा चोळायला लागली. त्यामुळे ५२ मिनिटं की दोन तास, हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद :

ताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. ७०२ किलोमीटर, तेच ४३६ मैल, तेच ३७९ सागरी मैल. हे सरळ रेषेतलं अंतर आहे.

५२ मिनिटांवर मात्र विसंबू नका. ७०२ ला ताशी ८०० नं भागलं की तेवढंच येतं, पण विमान पहिल्या मिनिटापासून त्या वेगानं उडत नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं-येणं. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, तीच धरा. एम्ब्रेअरसारखं जेट असेल तर साधारण सव्वा ते दीड तास. पंख्याचं एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्याला पावणेदोन-दोन तास. तिकीट काढताना विमान कुठलं ते बघा आणि थेट आहे ना, हेही बघा. मध्ये एक थांबा असला तर सगळा हिशेब बदलतो.

पट्ट्याची खूण विझली की आईंना उठवून चार पावलं चालवा. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. एटीआरला मागच्या दारालाच मोजक्या पायऱ्या असतात. जेटचं दार उंच, तेव्हा शिडी चढायला मदत लागेल हे स्पष्ट सांगा. नव्या सांध्यात धातू असल्यानं तपासणीत यंत्र वाजू शकतं, डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा.

धागाकर्ती :

दादा, मनापासून आभार. वेळेपेक्षा ती उठू शकेल का, हीच माझी खरी धास्ती होती. थेट जेटच बघते. अशा विमानांत वाटेच्या दोन्ही बाजूंना बहुधा दोन-दोनच सीट असतात म्हणे, मग डाव्या बाजूची, वाटेलगतची घेते. उजवा पाय वाटेकडे येईल, म्हणजे बसल्या जागीही तिला तो सरळ करता येईल. आईला सांगितलं, तर ती लगेच ओटीचं सामान काढायला उठली.