छातीवर गावाचे नाव : मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे अनुभव

सन १९६८ मध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात आणि आज स्लोव्हेनियात असलेल्या त्सेल्ये या शहरी, मेतोद क्लेमेंत्स या क्रीडाशिक्षकाने युरोपातील नऊ शहरांच्या मुलांची एक स्पर्धा भरवली. तिचीच पुढे ‘इंटरनॅशनल चिल्ड्रन्स गेम्स’ झाली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही तिला मान्यता दिली. वयोगट बारा ते पंधरा वर्षांचा असून, मुले देशाच्या नव्हे तर आपल्या शहराच्या नावाने उतरतात, हे तिचे वेगळेपण आहे. आपल्यापैकी काहींची मुले या स्पर्धेत खेळली आहेत, तर काहींनी यजमान शहरात राहून मदत केली आहे. त्या सर्वांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. केवळ पदकांचा हिशेब नको. निवड, खर्च आणि घरातील चर्चा यांविषयीही अवश्य लिहावे.

कॉव्हेंट्री, इंग्लंड येथून एक आई

आम्ही मूळचे पिंपरीचे. जग्वार लँड रोव्हर टाटांकडे आल्यापासून कॉव्हेंट्रीच्या आसपास पुण्याकडची अनेक कुटुंबे स्थिरावली आहेत, त्यांतीलच आम्ही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही स्पर्धा आमच्याच शहरात झाली, तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती आणि तिची शहराच्या जलतरण संघात निवड झाली. निवड चाचणीचे पत्र आले त्या दिवशी घरात पहिला प्रश्न पारपत्राचाच निघाला, कारण आम्ही अजून व्हिसावरच होतो. प्रशिक्षकांना विचारले, तर त्यांनी ती कोणत्या शाळेत जाते आणि तिची वेळ काय, एवढेच पाहिले. देशाच्या संघात जिला अजून जागा नव्हती, तिला शहराच्या संघात होती, ही गोष्ट माझ्या मनात पदकापेक्षा अधिक राहिली आहे.

तो ऑगस्ट आमच्यासाठी विलक्षणच होता. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्त्या कॉव्हेंट्री अरेनात होत्या. तेथे आम्ही बजरंग पुनिया आणि साक्षी मलिक यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो आणि पुढच्याच आठवड्यात त्याच शहरात, निळी टोपी घातलेल्या मुलीसाठी ‘कॉव्हेंट्री, कॉव्हेंट्री’ असे ओरडत बसलो. दोन्ही वेळी आवाज तितकाच मोठा होता आणि मनात कोठेही ओढाताण जाणवली नाही.

शर्यतीविषयी थोडे सांगते. तिचा रोजचा सराव पंचवीस मीटरच्या तलावात होत असे आणि तिचा खरा जोर होता वळण्यात. भिंतीला पाय लावून पाण्याखालून ती अशी सुटत असे की, तेथेच शेजारचीला मागे टाकी. स्पर्धा झाली त्या ॲलन हिग्ज सेंटरचा तलाव मात्र पन्नास मीटरचा. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये तेथे एकच वळण मिळते. त्या वळणाला ती दुसरी होती. शेवटच्या वीस मीटरमध्ये हात जड होताना वरूनही स्पष्ट दिसत होते, आणि ती पाचवी आली. बाहेर आल्यावर रडेल असे वाटले होते, पण तिने आधी शेजारच्या लेनमधील मुलीला तिचे गाव कोणते ते विचारले आणि मग दोघी आपापल्या शहराचे चिन्ह असलेल्या पिनांची (बिल्ल्यांची) अदलाबदल करीत बसल्या. आमच्या शहराच्या बोधचिन्हात पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती आहे. पिंपरीहून व्हिडिओवर पाहणाऱ्या तिच्या आजीला ‘साहेबाच्या गावात हत्ती कोठून आला’ याचेच कुतूहल अधिक, आणि ‘इंग्लंडकडून खेळली ना?’ हा त्यांचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

लेक मॅक्वारी, ऑस्ट्रेलिया येथील एक स्वयंसेवक

२०१४ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे येथील उन्हाळ्यात, आमच्याकडे ही स्पर्धा झाली, तेव्हा एका पाहुण्या संघाची देखभाल माझ्याकडे होती. लेक मॅक्वारीला शहर म्हणतात खरे, पण सिडनी बंदराच्या सुमारे दुप्पट असलेल्या खाऱ्या सरोवराभोवती विखुरलेल्या वस्त्यांचा तो समूह आहे, आणि ‘आमचे शहर’ असे येथील लोक सहसा म्हणत नाहीत. चार्ल्सटाउनचा माणूस चार्ल्सटाउनचा असतो. त्या आठवड्यात मात्र म्हणत होते. उद्‌घाटनाच्या संचलनात निवेदक एकामागून एक शहरांची नावे पुकारीत होता आणि माझ्या पुढच्या रांगेतील आजी-आजोबा प्रत्येक नावागणिक मोबाइलवर नकाशा शोधत होते.

माझा संघ उत्तर युरोपातील, घरून लोकरी कोट घालून निघालेला. त्यांचा पहिला दिवस मुलांना सावलीत बसवण्यात, टोप्या वाटण्यात आणि उन्हाचे मलम चोपडण्यात गेला. बसमध्ये त्यांच्यातील एक उंच उडी मारणारा मुलगा आणि आशियातील एका शहराचा धावपटू शेजारी बसत. समान भाषा एकही नाही, पण दोघांनी पिनांचा भाव ठरवून घेतला होता : जवळच्या शहरांच्या दोन दिल्या की लांबच्या शहराची एक. त्यांच्या व्यवस्थापकांनी चार सभांत एवढा करार केला नसता.

ओंटारिओ, कॅनडा येथील एक वडील

आमच्या प्रांतात हॅमिल्टनने २००० मध्ये आणि विंडसरने २०१३ मध्ये यजमानपद केल्यामुळे या स्पर्धेचे नाव येथे ऐकिवात आहे. कौतुकाच्या सुरात एक वेगळा सूर लावतो. ‘शहराचा संघ’ हे शब्द मोठे आहेत, पण माझ्या मुलाच्या वेळी निवड झाली ती क्लबांतूनच, आणि क्लबची वर्षाची फी ज्यांना परवडते त्यांचीच मुले चाचणीपर्यंत पोचली. विमानाचे भाडे पालकांनीच जमवायचे होते. आम्ही गाड्या धुऊन आणि केक विकून काही भाग उभा केला. मुलाच्या शाळेतील सर्वांत वेगवान मुलगा मात्र चाचणीला आलाच नाही, कारण त्याला कोणी कळवलेच नव्हते.

सातारा जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक

आमचा एकही विद्यार्थी या स्पर्धेस गेलेला नाही, तरीही लिहितो. आपल्याकडील शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी आहे. तालुक्याला शाळेचे नाव असते, जिल्ह्याला तालुक्याचे, विभागाला जिल्ह्याचे; आणि पोरगे राष्ट्रीय पातळीवर पोचते तेव्हा बनियनवर ‘महाराष्ट्र’ उरते. ज्या गावाने त्याला पहाटे रस्त्यावर धावताना पाहिले, ते नाव पहिल्याच पायरीवर गळते. महानगरपालिकांना शालेय स्पर्धांत स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा असल्याने मोठ्या शहरांची नावे थोडी पुढे टिकतात, एवढेच. पालकांना विचाराल, तर त्यांचे लक्ष बहुधा दहावीच्या सवलतीच्या गुणांवर असते, आणि मी त्यांना दोष देत नाही.

गावाने खेळाडू पाठवण्याची रीत मात्र आपल्याला अनोळखी नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते खाशाबा जाधव भारताचे मल्ल, पण वाटखर्चाची जुळवाजुळव कराड-कोल्हापूरच्या लोकांनी केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले आणि कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून ते घर सोडवून दिले. ओंटारिओच्या वडिलांनी गाड्या धुतल्याचे वाचून मला हेच आठवले.

कॉव्हेंट्रीच्या ताईंना एक विचारायचे आहे. वयाची पंधरा वर्षे उलटली की या मुलांचे पुढे काय होते?

कॉव्हेंट्रीहून पुन्हा

सर, आमच्यापुरते सांगते. आमच्या मुलीचे पोहणे सुटले नाही, पण जीसीएसईच्या, म्हणजे येथील शालेय परीक्षेच्या, अभ्यासामुळे पहाटेचा सराव आम्ही निम्म्यावर आणला आणि शर्यतींऐवजी ती आता शनिवारी लहान मुलांच्या वर्गाला मदत करते. त्या दुसऱ्या शहरातील मुलीशी तिचे बोलणे अजून चालू आहे, बहुतेक गणिताविषयी. नागरिकत्वाचा अर्ज आम्ही नंतर केला. त्याला या स्पर्धेचा काही उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. क्लबच्या फीविषयी ओंटारिओच्या दादांनी लिहिले ते येथेही बरेचसे खरे आहे. आमच्या क्लबने त्यानंतर शाळांमध्ये जाऊन चाचण्या घ्यायला सुरुवात केली आहे, परंतु ज्या शाळांजवळ तलावच नाही, तेथे अजून कोणी गेलेले नाही.