मधुमेहींच्या पायांसाठी तापमान मोजणारे मोजे: घ्यावेत का?

औंधकर:
माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असून तिच्या तळपायांची संवेदना जवळपास गेली आहे. मागील वर्षी चपलेत अडकलेल्या खड्याने अंगठ्याखाली जखम झाली, पण चप्पल काढून पाहीपर्यंत तिला ते कळले नाही. जखम भरून येईपर्यंत पावसाळा सरला. परदेशातील भावाने आता सेन्सर विणलेले मोजे पाठवण्याचे ठरवले आहे. ते तळव्याचे तापमान मोजून मोबाइलवर इशारा देतात म्हणे. हे मोजे नेमके काय ओळखतात आणि ते धुऊन टिकतात का?

सूतवाला:
विणकामापुरते सांगतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात तिलक डायस यांच्या गटाने बाजरीच्या दाण्याहून लहान थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) तांब्याच्या बारीक तारांना सोल्डर करून, त्यावर रेझिनचे कवच चढवून आणि भोवती पॉलिएस्टरचे तंतू गुंडाळून, हाताला साधे सूत वाटावे असा धागा केला आणि त्याचे मोजेही करून दाखवले. अशा कवचामुळे धुण्याची अडचण बरीच कमी होते. खरी नाजूक जागा म्हणजे मऊ कापडातली तार जिथे बॅटरीच्या कडक डबीला जोडलेली असते ती, कारण मोजा ओढून चढवताना दर वेळी ताण तिथेच येतो. माप मात्र चोख घ्या. मोजा पायावर फिरला की टाचेचा सेन्सर टाचेखाली राहत नाही. आकडे येत राहतात, पण ते भलत्याच जागेचे असतात.

डॉ. पायतपासणी:
हे मोजे जखम ओळखत नाहीत, जखमेआधीचा दाह ओळखतात. एकाच जागी वारंवार दाब पडला की त्वचा फाटण्यापूर्वी ती जागा गरम होते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे गेलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर पायावरील अशा गरम जागांकडे लक्ष देण्याचा आग्रह धरला होता. आजचा संकेत असा, की दोन्ही पायांच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस दिसला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे. लॅव्हरी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात, पूर्वी जखम झालेल्या आणि तीन गटांत विभागलेल्या १७३ रुग्णांपैकी जे घरी रोज तापमान पाहत होते त्यांच्यातील ८.५ टक्के जणांना १५ महिन्यांत पुन्हा जखम झाली. उरलेल्या दोन गटांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. मात्र तो अभ्यास हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरचा होता, मोज्यांचा नव्हे. मोज्यांची सोय खरी आहे ती ज्यांना वाकून तळव्याला थर्मामीटर लावता येत नाही त्यांच्यासाठी.

औंधकर:
आभारी आहे. पण आई घरात मोजे घालणार नाही, हे मला आत्ताच दिसते आहे. देवघरात तर नाहीच नाही.

डॉ. पायतपासणी:
मग आपल्या भावाचे पैसे वाचवा! बधिर पायांनी अनवाणी वावरणे हीच पहिली जोखीम आहे, तेव्हा घरासाठी बंद टाचेच्या वेगळ्या मऊ चपला आधी घ्या. रोज सकाळी आपण स्वतः दोन्ही तळव्यांवर त्याच सहा जागी, म्हणजे अंगठा, बोटांच्या मुळाशी तीन ठिकाणी, तळव्याचा मध्य आणि टाच येथे, थर्मामीटर लावून आकडे वहीत लिहा. ज्यावर काही क्षण उभे राहायचे अशी तापमान मोजणारी चटईही परदेशात मिळते. २०१७ च्या एका अभ्यासात तिने ९७ टक्के जखमांची चाहूल सरासरी ३७ दिवस आधी दिली, पण त्याच २.२ अंशांच्या मर्यादेला खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, त्यामुळे प्रत्येक इशाऱ्याने घाबरून जाऊ नये. आणखी एक: आईंच्या पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. तो कमी असेल, तर जखम होत असतानाही पाय थंडच राहू शकतो आणि मग मोजे, चटई, थर्मामीटर, कशाचाच भरवसा धरता येत नाही.