हार्ली रीड वेस्ट कोस्टमध्ये घडेल की तिथेच अडकेल?

निळासोनेरी, पर्थ

फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या एएफएल लीगचा, २०२५चा हंगाम संपला. आपल्या पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सने २३ सामने खेळून एक जिंकला, सेंट किल्डाविरुद्धचा. अठरा संघांत अठरावा नंबर. पर्थमध्ये दोन फूटीवेडे भेटले की विषय लगेच क्लबाचा तरुण मिडफिल्डर हार्ली रीडवर जातो, आणि आपल्या मराठी मंडळींतही तेच चालू आहे. सगळ्यांनी एका जागी भांडावं म्हणून हा धागा काढतोय.

जे नव्याने फूटी बघायला लागलेत त्यांच्यासाठी थोडं. रीड टोंगालाचा, म्हणजे उत्तर व्हिक्टोरियात एचुकाजवळ, दूधदुभत्याच्या पट्ट्यातलं लहान गाव. बेंडिगो पायोनिअर्सकडून खेळला आणि २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. तिथे बोली लागत नाही, तळाच्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो, आणि कुठे जायचंय हे पोराला कुणी विचारत नाही. अठराव्या वर्षी रीडला घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला यावं लागलं. मेलबर्न ते पर्थ हे अंतर सुमारे २,७०० किलोमीटर आहे. अंगावर ९ नंबरची जर्सी आली, जी आधी बेन कझिन्सने गाजवली होती. अपेक्षांचं ओझं पहिल्या दिवसापासून.

मे २०२४मध्ये ऑप्टस स्टेडियमवर मेलबर्नविरुद्धचा त्याचा गोल ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मधून बॉल उचलला, अंगावर येणाऱ्याला हाताने झटकलं, धावत सुटला आणि लांबून मारला. संघात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि समोरच्या संघाने तीनच वर्षांपूर्वी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेली.

माझं म्हणणं सरळ आहे. हा मुलगा घडणार आणि वेस्ट कोस्टमध्येच घडणार. त्याने २०२८ अखेरपर्यंत करार वाढवलाय. मोठ्या क्लबांनी गळ टाकलेले असताना त्याने हे केलं, याला किंमत आहे. आणि मॅट रॉवेलकडे बघा. २०१९चा पहिला पिक (ड्राफ्टमधली पहिली निवड), गोल्ड कोस्टसारख्या कधीच फायनल्स, म्हणजे हंगामाअखेरचे बाद सामने, न खेळलेल्या क्लबात गेला. २०२०मध्ये झंझावाती सुरुवात केली आणि पाचव्याच सामन्यात खांदा निखळला. पुढची दोन-तीन वर्षं लोक म्हणत होते की संपला. तो तिथेच राहिला. २०२५मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल त्याचं, आणि गोल्ड कोस्ट पहिल्यांदा फायनल्समध्ये.

रीडला फक्त वेळ द्या.

टारनीटकर

दादा, तुमचा जीव क्लबात अडकलाय, म्हणून तुम्ही पोराकडे बघतच नाही आहात असं मला वाटतं.

रॉवेल एकटा नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्याचा जवळचा मित्र नोआ अँडरसन त्याच क्लबात आला, आणि आज तोच कर्णधार आहे. दोघं एकत्र वाढले, एकत्र हरले. रीडच्या शेजारी कोण होतं? २०२३च्या शेवटी शॅनन हर्न, ल्यूक श्यूई आणि निक नायटानुई निवृत्त झाले. हर्न २०१८च्या प्रीमियरशिपचा कर्णधार, श्यूई त्याच अंतिम सामन्याचा नॉर्म स्मिथ मेडलवाला, म्हणजे त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू, आणि नायटानुई म्हणजे मिडफिल्डरच्या हातात अलगद बॉल देणारा रुकमन. ज्या तिघांकडून शिकायचं ते तिघंही रीड दारात पाऊल टाकत असताना बाहेर पडले. वर २०२४च्या जुलैत प्रशिक्षक ॲडम सिम्पसन पद सोडून गेले. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत प्रशिक्षक बदलला.

आता क्लबाचा कारभार बघू. २०२२मध्ये यांच्या हातात दुसरा पिक होता. चार क्लबांच्या मोठ्या देवघेवीत तो देऊन टाकला आणि खालचे दोन घेतले, त्यातून रूबेन गिन्बी आणि एलायजा ह्यूएट आले. २०२४मध्ये तिसरा पिक होता, तोही दिला. लियम बेकर आणि मॅट ओविज हे तयार खेळाडू आणले. बेकर चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तळाच्या संघाने तिसरा पिक सोडायचा आणि वर रीडला म्हणायचं की बाबा, आम्ही तुझ्याभोवती संघ बांधतोय? २०२३मध्ये सिडनीकडून १७१ गुणांनी हरलेला हा संघ आहे. दोन वर्षांनी एक सामना जिंकतो. याला बांधणी म्हणायचं का?

रीडने २०२८नंतर व्हिक्टोरियात परत यावं. आणि त्या आधी क्लबाने चांगला सौदा दिला तर अजून लवकर.

निळासोनेरी, पर्थ

गिन्बी आणि ह्यूएट दोघंही वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे आहेत, ते घरी परत जायचा हट्ट धरणार नाहीत. तो निर्णय मला आजही पटतो. तिसऱ्या पिकाबद्दल तुमचं बरोबर आहे, तो द्यायला नको होता. पण त्याच पिकावर कार्लटनने घेतलेल्या जॅगा स्मिथचा गुडघा हंगाम सुरू व्हायच्या आधीच गेला. ड्राफ्टमध्ये खात्री कशाचीच नसते.

काळीपिवळी

मी रिचमंडची, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. रीडची तुलना डस्टिन मार्टिनशी करतात ती नुसत्या दांडगेपणामुळे. मला दुसरी तुलना महत्त्वाची वाटते. मार्टिन कॅसलमेनचा, बेंडिगो पायोनिअर्सचाच, २००९चा तिसरा पिक. २०१०मध्ये तो आला तेव्हा रिचमंड पहिले नऊ सामने ओळीने हरलं होतं. डेमियन हार्डविक नवे प्रशिक्षक. नावाजलेला क्लब, रिकामी कपाटं, चिडलेले चाहते. तंतोतंत आजचं वेस्ट कोस्ट.

२०१३ संपताना मार्टिन सिडनीला जाऊन ग्रेटर वेस्टर्न सिडनीचा क्लब बघून आला होता. जवळजवळ गेलाच होता. राहिला. २०१७मध्ये एकाच वर्षी ब्राउनलो, नॉर्म स्मिथ आणि प्रीमियरशिप. पुढे २०१९ आणि २०२०लाही अंतिम सामन्याचा मानकरी तोच. सात वर्षं थांबला म्हणून हे घडलं.

पण निळासोनेरी, तुम्ही म्हणता तसं नुसता वेळ देऊन हे झालं नाही. मार्टिन आला तेव्हा ट्रेंट कॉचिन आणि जॅक रीवोल्ट आधीच क्लबात होते, वयाने त्याच्याहून एक ते तीन वर्षांनीच मोठे. आणि २०१६मध्ये संघ तेरावा आला तेव्हा हार्डविकना घालवा म्हणून ओरड चालली होती. क्लब हलला नाही. वेस्ट कोस्टमध्ये हे धैर्य आहे का? त्यांचे नवे प्रशिक्षक अँड्र्यू मॅकक्वाल्टर हे रिचमंडच्या त्याच विजेत्या वर्षांत आमचे सहायक प्रशिक्षक होते. तरुण मिडफिल्ड कसं वाढतं ते त्यांनी जवळून पाहिलंय. त्यांना पहिल्या वर्षी एकच विजय मिळाला म्हणून कुणी घाई केली, तर रीडचं जाणं मी तरी समजू शकेन.

मैदानाबाहेरून

मी फिजिओ आहे, गावपातळीवरच्या फूटी संघाबरोबर काम करते. सगळे क्लब आणि पिकांवर बोलताय, मला त्याच्या शरीराबद्दल बोलायचंय.

रीड अठराव्या वर्षीच पुरुषी ताकदीचा होता. हाच त्याचा फायदा आणि हाच धोका. ज्युनिअर फूटीत ज्याला कुणी पाडू शकत नाही त्याला सुटायची दुसरी रीत शिकायची गरजच पडत नाही. सिनिअरमध्ये तीनजण अंगावर येतात. २०२४मध्ये सेंट किल्डाच्या डार्सी विल्सनला केलेल्या टॅकलसाठी त्याला दोन सामन्यांची बंदी आली. त्यात मला दुष्टपणा दिसला नाही. स्वतःच्या ताकदीचा अंदाज अजून यायचाय, एवढंच. मेंदूच्या दुखापतींबाबत लीग आता कडक झालीय आणि ते योग्यच आहे. समोरच्याचे हात अडकवून त्याला जमिनीवर आपटणं चालणार नाही. जेरेमी मॅकगव्हर्नसारख्या मातब्बराला त्याच्याच क्लबात डोक्याच्या दुखापतींमुळे २०२५मध्ये खेळ सोडावा लागला. त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसून हा धडा त्याने बघितलाय.

दुसरी गोष्ट पळण्याची. मिडफिल्डर एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळतो, तेही थांबून थांबून, वेगात, धक्के खात. हा दम एका उन्हाळ्यात तयार होत नाही, चार-पाच प्री-सीझन लागतात. त्यात वेस्ट कोस्टला दर दुसऱ्या आठवड्याला विमान. सामना, मग चार तास सीटवर आखडून बसणं, मग पुन्हा सराव. मेलबर्नच्या क्लबातल्या पोरांना हे नाही. माझ्या मते २०२६मध्ये त्याला थोडा वेळ पुढच्या फळीत खेळवून जपावं. प्रत्येक सेंटर बाउन्सला (मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना) उभं करायची काहीही गरज नाही. बावीस-तेवीसच्या वयात खरा खेळ दिसेल.

टारनीटकर

ताई, विमानाचा मुद्दा मांडलात, धन्यवाद. मी तेच दुसऱ्या शब्दांत सांगत होतो.

जेसन हॉर्न-फ्रान्सिसचं उदाहरणही इथे हवंच. साउथ ऑस्ट्रेलियाचा मुलगा, २०२१चा पहिला पिक, नॉर्थ मेलबर्नमध्ये गेला. हरणारा संघ, मध्येच प्रशिक्षक डेव्हिड नोबल पदावरून गेले, पोरगा चिडलेला, शिस्तीच्या तक्रारी. वर्षभरात घरी, पोर्ट ॲडलेडला. लोकांनी त्याला स्वार्थी म्हटलं. आज तो पोर्टच्या मिडफिल्डचा कणा आहे. आणि नॉर्थने त्या देवघेवीतून आलेल्या पिकांवर हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ घेतले. शीझल तर पहिल्याच वर्षी रायझिंग स्टार, म्हणजे लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू. नुकसान कुणाचं झालं?

तुमच्याच क्लबाचा इतिहास बघा, निळासोनेरी. ख्रिस जड मेलबर्नचा. २००१च्या ड्राफ्टमध्ये तुमच्याकडे आला, २००४चा ब्राउनलो, २००६ला कर्णधार म्हणून प्रीमियरशिप, आणि २००७नंतर कार्लटनला घरी. त्या बदल्यात तुम्हाला जॉश केनेडी मिळाला, जो पुढे क्लबासाठी सर्वाधिक गोल करणारा ठरला. जाऊ देणं म्हणजे हरणं नव्हे.

निळासोनेरी, पर्थ

जडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! सहा वर्षं राहिला, प्रीमियरशिप देऊन गेला. रीडने तेवढं केलं तर पर्थमध्ये कुणी तक्रार करणार नाही. तुम्ही मात्र त्याला तेविसाव्या वर्षी, हातात काही नसताना परत बोलावताय.

आणि नॉर्थचं म्हणाल तर, शीझल-वॉर्डलॉ येऊनही नॉर्थ अजून तळाशीच घुटमळतंय. पहिला पिक विकला की चांगले खेळाडू येतात हे खरं, पण चाहत्यांचा विश्वास जातो तो परत कसा आणायचा?

एचुकाची आई

मी या भागात राहते म्हणून लिहितेय. माझा मुलगा ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीवर्गाला, जातो. इथल्या बारक्या पोरांच्या पाठीवर आज कुठला नंबर सगळ्यांत जास्त दिसतो ते सांगायला नकोच.

तुम्ही सगळे पिक, सौदा, बदल्यात काय मिळालं असं बोलताय, ते वाचून मला त्रास होतो. तो आत्ता विशीत आहे. टॉम बॉइड २०१३चा पहिला पिक होता. एका वर्षात क्लब बदलला, डोळे दिपवणारा करार मिळाला, २०१६ला वेस्टर्न बुलडॉग्जबरोबर प्रीमियरशिप जिंकली, अंतिम सामन्यात तीन गोल मारले. आणि २०१९ला, तेविसाव्या वर्षी, खेळ सोडला. आपल्या मनाची अवस्था काय झाली होती हे तो नंतर उघडपणे बोलला. त्याच्याकडे सगळं होतं ना? चांगला क्लब, पैसा, विजेतेपद.

पर्थमध्ये दोनच क्लब आहेत. त्यात वेस्ट कोस्टचा प्रशिक्षक असो की खेळाडू, रोजच्या बातम्यांतून सुटका नाही. रीड कुठे जेवला, घरी कधी गेला, आईवडील काय म्हणाले, सगळ्याची चर्चा. गावाकडच्या घरातला मुलगा. मला वाटतं तो राहील की जाईल हे ड्राफ्ट आणि प्रशिक्षकांपेक्षा यावर ठरेल, की रविवारी रात्री हरून आल्यावर त्याला बसायला एखादं घर पर्थमध्ये मिळालंय का. क्लबाने यावर खर्च करावा. मोठे क्लब गावातून आलेल्या पोरांना स्थानिक कुटुंबात ठेवतात, ते उगाच नाही.

काळीपिवळी

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. म्हणूनच मला २०२५चा ड्राफ्ट महत्त्वाचा वाटतो. वेस्ट कोस्टने पहिल्या पिकावर विलेम डुर्स्माला घेतलं, तोही व्हिक्टोरियाच्या गावाकडचाच, गिप्सलँडचा. त्याची भावंडंसुद्धा या खेळात आहेत, हे जग त्याला घरातूनच ठाऊक आहे. रीडला पहिल्यांदा बरोबरीचा कुणी मिळेल.

टारनीटकर

की दोघं मिळून परत यायचं ठरवतील.

२०२८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच हंगामात टास्मानिया डेव्हिल्स लीगमध्ये उतरतायत, नव्या क्लबाला खेळाडू हवेत, पैसा आहे. रीड तेव्हा फ्री एजंट नसेल, म्हणजे क्लब बदलायचा तर वेस्ट कोस्टशी सौदा करावाच लागेल, पण करार संपलेल्या खेळाडूला अडवून कुणाचं भलं झालंय? त्याने लांबचा करार न करता दोनच वर्षं वाढवली, यातच उत्तर आहे.

निळासोनेरी, पर्थ

मला त्यात उलटं दिसतं. दहा वर्षांच्या करारावर सही करून नंतर तोंड लपवत निघून जाणारे खेळाडू आपण पाहिलेत. याने क्लबाला सांगितलंय की तीन हंगाम तुमच्याकडे आहेत, करून दाखवा. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. आता जबाबदारी मॅकक्वाल्टर आणि क्लबाची आहे: २०२६मध्ये पाच-सहा विजय, गिन्बी, ह्यूएट आणि रीड एकत्र मिडफिल्डमध्ये, आणि हातातला एकही वरचा पिक बाहेर जाता कामा नये. फिजिओताईंचा पुढच्या फळीत जपण्याचा सल्ला मात्र मला मान्य नाही. त्याला मधेच खेळायचंय, आणि ते नाकारलं तर टारनीटकर म्हणतात तेच होईल.

मैदानाबाहेरून

पूर्ण वेळ पुढे ठेवा असं मी म्हटलेलं नाही. मार्टिनही सामन्यात कितीतरी वेळ पुढच्या फळीत जाऊन खेळायचा, काळीपिवळी सांगतीलच.

काळीपिवळी

हो, आणि २०१९ची फायनल त्याने तिथूनच संपवली. चार गोल.