शब्दचर्चा : 'मुलगा कमिट झाला' हे मराठीत कसं लिहावं?

भाषांतरवेडी
अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी हायस्कूल ते कॉलेज बेसबॉल या प्रवासाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. घोडं 'कमिट'वर अडलंय. 'तो अमुक विद्यापीठाला कमिट झाला', म्हणजे तिथल्या संघाकडून खेळायचं त्याने ठरवलं, याचं मी 'वचनबद्ध झाला' केलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'त्याचा प्रवेश निश्चित झाला' लिहिलं. मला दोन्ही खटकतात. शिवाय 'रिक्रूटिंग'ला, म्हणजे कॉलेजच्या प्रशिक्षकांनी खेळाडू शोधून संघात घेण्याला, 'भरती' चालेल का? मसुदा सोबत जोडला आहे, बाकीचे शब्दही बघा.

तिसरा बेस
'प्रवेश निश्चित' मुळीच नको, ताई. त्यावर विसंबून पालक बाकीच्या कॉलेजांना लिहिणंच बंद करतील. अकरावीत मुलगा 'कमिट' होतो तेव्हा त्याच्यात आणि कॉलेजच्या प्रशिक्षकात फक्त तोंडी बोलणं झालेलं असतं. ते दोघांपैकी कोणालाच बांधत नाही. प्रशिक्षक बदलला, मुलाचा खांदा दुखावला किंवा त्याच जागेवर दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू आला, की ते बोलणं हवेत विरतं. बांधून घेणारा कागद बारावीच्या नोव्हेंबरात येतो. पूर्वी त्याला 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' म्हणत. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं आणि आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. सही झाली तरी कॉलेजच्या प्रवेश विभागाचा होकार आणि एनसीएएची (कॉलेजांतल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) पात्रता वेगळी मिळवावी लागते. एनसीएएच्या तीन स्तरांपैकी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तर खेळाची शिष्यवृत्तीच नसते, त्यामुळे तसला करारही नसतो.

कोशप्रेमी
मग 'वचनबद्ध'सुद्धा बादच. मराठीत वचन मोडणं हा दोष मानतात, आणि इथे तर मोडण्याची मुभा गृहीत आहे. लग्नाच्या बोलणीतला शब्द घ्या: 'सुपारी फुटली'. ठरलं आहे, चार लोकांत सांगितलं आहे, पण कार्य व्हायचं आहे. नेमकी हीच अवस्था आहे ही.

सदाशिव
आजच्या वाचकाला सुपारी म्हटलं की खुनाची सुपारी आठवते. मुलांच्या पुस्तिकेत ती नको. आणि बोलीतला 'कमिट' शब्द काढून टाकायचा हट्ट तरी कशाला? घरोघरी तोच बोलला जातो. पहिल्यांदा येईल तिथे 'तोंडी होकार, बंधनकारक नाही' असं लिहा आणि पुढे खुशाल 'कमिट' वापरा.

कोशप्रेमी
असं करत गेलं तर पुस्तिकेत क्रियापदं तेवढी मराठी उरतील. 'तोंडी होकार' पुरेसा स्पष्ट आहे, मग तोच शेवटपर्यंत का वापरू नये?

तिसरा बेस
'भरती'बद्दल. पोलीस भरती म्हटलं की जाहिरात, अर्ज, मैदानी चाचणी, गुणवत्ता यादी असा क्रम डोळ्यांपुढे येतो. इथे यादी लागत नाही. साठ यार्ड सात सेकंदांच्या आत धावणं किंवा कॅचरचा (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) 'पॉप टाइम' दोन सेकंदांच्या आसपास असणं, एवढ्याने फार तर प्रशिक्षकाची नजर वळते. (चेंडू कॅचरच्या हातमोज्यात आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. अंतर साधारण १२७ फूट.) घरच्यांनी हाताने स्टॉपवॉच लावून काढलेल्या आकड्यांवर प्रशिक्षक सहसा विसंबत नाहीत. म्हणून व्हिडिओ दोनतीन मिनिटांचाच ठेवावा आणि फेक मध्ये न कापता दाखवावी, म्हणजे वेळ त्यांना स्वतः मोजता येते.

'रिक्रूटिंग'ला मी 'हेरणी' सुचवेन. पहिल्या डिव्हिजनचे प्रशिक्षक अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाला फोन, संदेश किंवा ईमेलने उत्तर देऊ शकत नाहीत, पण त्याचा खेळ बघू शकतात. मुलाने आधी लिहायला हरकत नाही. ईमेलमध्ये हायस्कूल संपण्याचं वर्ष, मैदानातली जागा, उंची-वजन, कोणत्या हाताने फेकतो आणि मारतो, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), उन्हाळ्याचं वेळापत्रक आणि व्हिडिओची लिंक एवढं हवं. आणि कृपा करून कॉलेजच्या सराव-कॅम्पच्या पत्रकाला 'आमंत्रण' म्हणू नका! ती पत्रकं सरसकट पाठवतात. आमंत्रण वाचलं की पालकांना वाटतं, आपल्या मुलाला निवडलं. 'कॅम्पची जाहिरात' लिहा.

सदाशिव
'हेरणी'त हेरगिरीचा वास येतो. 'निवडप्रक्रिया' बरं.

कोशप्रेमी
हेरणं म्हणजे नेमकं टिपणं. 'त्याने गुण हेरले' यात कुठली हेरगिरी? बरं, 'वॉक-ऑन'ला काय म्हणणार? माझ्या मते 'उमेदवार'. जुन्या कचेऱ्यांत जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करणं म्हणजे उमेदवारी. मूळ फारसी, उमेद बाळगणारा. शिष्यवृत्ती नसताना संघात राबणारा मुलगा दुसरं काय करतो?

भाषांतरवेडी
शब्द आवडला, पण निवडणुकीतला उमेदवार आडवा येतो. 'बिनशिष्यवृत्ती खेळाडू' करू का?

तिसरा बेस
करा, पण मसुद्यातलं त्यापुढचं शिष्यवृत्त्यांचं वाक्य तपासा. ११.७ शिष्यवृत्त्या संघातल्या मुलांत विभागून वाटायच्या हा पहिल्या डिव्हिजनचा जुना नियम होता. २०२५-२६ पासून, खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या खटल्यातला समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा नाही, मात्र संघात ३४ जणच. आधी ४० चालत. झळ सर्वांत आधी याच बिनशिष्यवृत्ती मुलांना लागते.

नदीकाठ
'कोअर कोर्स'ला 'मूलभूत विषय' लिहिलंय, ते चुकीचं नाही का? ते तर एनसीएएच्या पात्रतेसाठी लागणारे सोळा अभ्यासक्रम आहेत.

तिसरा बेस
बरोबर. 'ग्राह्य अभ्यासक्रम' म्हणा, कारण शाळेतला प्रत्येक विषय धरला जात नाही. पहिल्या डिव्हिजनसाठी सोळांपैकी दहा बारावी सुरू होण्याआधी संपवावे लागतात, त्यांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या दहांचे गुण तिथेच गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा करून ते सुधारत नाहीत. पालक नेमके इथेच फसतात, म्हणून हे ठळक छापा.

कोशप्रेमी
आणि पिचरला, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याला, 'गोलंदाज' केलंय, त्याचं काय? मूळ अर्थ तोफेचा गोळा डागणारा, त्यामुळे शब्द क्रिकेटच्या मालकीचा नाही.

सदाशिव
मालकीचा नसेल, पण वाचकाला क्रिकेटच दिसणार. 'पिचर'च ठेवा.

तिसरा बेस
मीही 'पिचर'च्या बाजूने. गोलंदाजाने कोपर झटकून चेंडू फेकला तर तो नो-बॉल, पिचरचं सगळं कामच फेकण्याचं. म्हणून कोपर जपावं लागतं: १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ फेकी, आणि ७६ किंवा त्याहून जास्त झाल्या तर चार दिवस विश्रांती. शनिवारी शाळेसाठी आणि रविवारी शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल संघासाठी फेकलं तर दोन्ही प्रशिक्षकांच्या वह्यांत आकडे ठीक दिसतात. बेरीज घरच्यांनाच ठेवावी लागते.

भाषांतरवेडी
हे आकडे घालते. पण 'कमिट'चं अजून ठरलं नाही.

कोशप्रेमी
'तोंडी होकार'.

सदाशिव
'कमिट'.