रिसॉर्टकडे लायसन्स आहे, मग लग्नाच्या व्हिडिओत तेच गाणं का चालत नाही?

फोंडेकर_कॅमेरा
मंडळी, जाम अडकलोय. लग्नाचं शूटिंग करतो, मागच्या महिन्यात गोव्यात बार्देसात एका रिसॉर्टवर लग्न होतं, एंट्रीला जुन्या हिंदी पिक्चरचं गाणं वाजलं आणि मी तेच हायलाइट व्हिडिओला लावलं. नेटवर टाकल्यावर तासाभरात कॉपीराइटचा क्लेम (गाणं आमचं असा मालकाचा दावा) आणि आवाज म्यूट, पार्टी माझ्यावर भडकलीय. रिसॉर्टवाला म्हणतो आमच्याकडे पीपीएलचं (रेकॉर्ड वाजवायचा परवाना देणारी संस्था) लायसन्स आहे ते दाखव, मित्र म्हणतो लग्नाला कॉपीराइट लागतच नाही. वर रिसॉर्टला त्याच गाण्यावर जाहिरातीची रील पण हवीय. दहा सेकंदच घेतलं तर चालतं ना?

रिकामटेकडा_वकील
दहा सेकंदांचं कोणी सांगितलं रे बाबा, कायद्यात असा आकडाच नाही. रिसॉर्टचं लायसन्स जागेवर रेकॉर्ड वाजवण्यापुरतं, वाजलं की विषय संपला. गाणं चित्राला जोडायचं म्हणजे वेगळी परवानगी, तिला धंद्यात सिंक म्हणतात, आणि ती दोन ठिकाणची लागते, एक रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि दुसरी शब्द-चालीचे हक्क ज्याच्याकडे त्याची. पिक्चरच्या गाण्यात बरेचदा दोन्ही एकाच म्युझिक कंपनीकडे असतात, तेवढाच एक मेल वाचतो.
मित्राचं अर्धं बरोबर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नातले समारंभ यांना सूट आहे, त्यावरून गोवा सरकारने २०२४ च्या जानेवारीत लग्नात गाणी वाजवायला परवानगी-फी मागू नका असं परिपत्रक काढलं आणि ऑगस्टमध्ये इथल्याच हायकोर्टाने ते रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम आहे तिथेच आहे. पण ती सूट समारंभात वाजवायची, तुझ्या एडिटिंगला ती लागू नाही. आणि रिसॉर्टची रील म्हणजे सरळ धंदा, तिथे तर लग्नाचं नावच घेऊ नको.

म्हापशेकार
क्लेमला घाबरू नको पण स्ट्राइकला घाबर, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो तो, यूट्यूबवर ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जातं.

फोंडेकर_कॅमेरा
मग गाणं कोणाकडून तरी गाऊन घेतलं तर? किंवा एकदम जुनं, साठ सालातलं?

रिकामटेकडा_वकील
गाऊन घेतलंस तर रेकॉर्डिंगवाला सुटला, शब्द-चालवाला मानगुटीवर तसाच. जुन्याचंही तेच. रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं, म्हणजे १९६० मधलं २०२० संपताना मोकळं झालं, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. हिशेब कर, कितीतरी जण १९८० नंतर गेलेत.

म्हापशेकार
मी काय केलं सांगतो. एका होमस्टेच्या व्हिडिओला आमच्या वाड्यावरच्या आरतीवाल्यांकडून घुमट, शामेळ, कासाळें ही आपली आरतीची वाद्यं वाजवून घेतली, फोनवर नाही हां, चांगला माइक लावून, आणि मानधन देऊन कागदावर सह्या घेतल्या की हे व्हिडिओत आणि जाहिरातीत वापरणार. जुनी पारंपरिक चाल कोणाच्या बापाची नाही, पण कोणाच्या सीडीवरून उचललीस तर ते रेकॉर्डिंग त्याचं, मांडो या आपल्या जुन्या कोंकणी गाण्यांचं पण तसंच. घुमट २०१९ पासून राज्याचं हेरिटेज वाद्य आहे, क्लायंटला तेवढं सांगितलं की तो पण खूष.

फोंडेकर_कॅमेरा
देव बरें करूं दोघांचंही. पार्टीला फुल गाण्याचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देऊ का असं विचारणार होतो, आता विचारतच नाही. रिसॉर्टवाल्याला घुमट बोललो तर म्हणतो आमचे पाहुणे बीचवाले, सॅक्सोफोन बघ. मावसभाऊ वाजवतो, सहीचा कागद घेऊनच त्याच्याकडे जातो.