मदत हवी आहे: धरणग्रस्तांकडून अंगठ्याशिवाय संमती कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. कोयना धरणात गावं गेली आणि सांगली जिल्ह्यात वसवली गेली, अशा कुटुंबांवर पीएच.डी. करतेय. वसाहतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

अडचण संमतीपत्राची आहे. एथिक्स कमिटीने (संशोधनात माणसांशी नीट वागलं जातं ना, हे तपासणारी समिती) मंजूर केलेला नमुना चार पानी, शेवटी सही किंवा अंगठा. पहिल्याच घरात तोंडी विचारून बसले. ऐंशी पार केलेल्या आजी दोन तास बोलल्या. पाणी कसं चढलं, देव कसे टोपलीत घालून आणले, जनावरं कशी मातीमोल विकली, सगळं. मग मी कागद पुढे केला आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. "अंगठा दिला की काय ना काय जातंच, बाई. तू काय न्हेणार हाईस?"

मला उत्तर देता आलं नाही. ते रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नाही, वापरणारही नाही.

त्यांचा संशय चुकीचा कसा म्हणू? राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, आणि कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलेलं. जे काही ठरलं ते कागदावर, आणि तो कागद वाचणारा कायम दुसराच कुणीतरी. आता त्याच माणसांपुढे मी नवा कागद धरतेय.

माझा विषय सक्तीचं स्थलांतर. कुणी म्हणेल, ते म्हणजे निर्वासित, धरणग्रस्तांचा काय संबंध? संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या देशांतर्गत विस्थापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणारं विस्थापनही धरलेलं आहे. या विषयाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये आचारसंहिता केली. संशोधक आणि विस्थापित यांच्या ताकदीतल्या फरकावर ती सरळ बोलते. पण कागद नको म्हणणाऱ्या आजीसमोर नेमकं काय करायचं, ते मला कुठल्या पानावर सापडलं नाही.

अजून दोन गोष्टी छळतात. एक, वाटपाची जमीन बऱ्याच जणांची वर्ग दोनची, परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी मुलाखतीत माणसं मोकळेपणी सांगून जातात की अमक्याने परस्पर दिली. वसाहत शंभर उंबऱ्यांची. नाव बदललं तरी कोण ते पुनर्वसन कार्यालयालाही कळेल आणि भावकीलाही. दुसरं, घरोघरी माझ्या हातात संकलन रजिस्टरचे (कुणाची किती जमीन गेली, किती मिळाली याची सरकारी नोंदवही) उतारे, जुने दाखले देतात. "तुमच्या रिपोर्टात घाला, म्हणजे उरलेली जमीन मिळंल." नाही मिळणार हे मी सांगते, तरी ते फोटो काढायलाच लावतात. हे ठेवू का पुसू?

प्रतिसाद १

ऊसतोड टोळ्यांत काम केलंय, म्हणून सांगतो. तोंडी संमती चालते, पण कमिटीकडून आधी लेखी मंजुरी घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, तरी त्यांतही समितीच्या मान्यतेने तोंडी संमतीला जागा आहे. तो आधार अर्जात द्या. साक्षीदार निवडताना मात्र जपा. आम्ही एकदा मुकादमाला साक्षीला बसवलं आणि सगळी टोळी "हो" म्हणाली. ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्यासमोर नाही कोण म्हणणार? तुमच्याकडे सरपंच किंवा वसाहतीचा पुढारी नको. संमतीचं रेकॉर्डिंग मुलाखतीपासून वेगळं ठेवा. मुलाखतीच्या फाइलला नाव नको, नुसता आकडा.

जमीनविक्रीचं म्हणाल तर गाव बदलून भागणार नाही. ते प्रबंधातच आणू नका. विक्री का करावी लागते, तेवढं चार-पाच वसाहती मिळून लिहा.

प्रतिसाद २

ताई, मी स्वतः धरणग्रस्ताच्या घरातली. आमच्याकडे चाळीस वर्षांत किती जण वह्या घेऊन आले! आजोबा प्रत्येकाला घरातले कागद काढून दाखवायचे. एकही परत आला नाही. तुम्ही म्हाताऱ्यांचा अंगठा कशाला मागता? सही तुम्ही करा. एका पानावर मराठीत लिहा, मी कोण, काय विचारलं, कशासाठी, नको वाटलं तर कुठे फोन करायचा. वाचून दाखवा, खाली तुमची सही, आणि तो कागद त्यांच्या ट्रंकेत राहू दे.

फोटो पुसा. पण पुसण्याआधी झेरॉक्स काढून त्यांना नीट लावून द्या. आमचे कागद निम्मे वाळवीने खाल्ले.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सही मी करायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी कमिटीकडे सुधारित अर्ज देतेय: एकपानी मराठी पत्र माझ्या सहीने, तोंडी संमती, साक्षीला घरातलंच माणूस. आजींकडे आधी नुसती जाऊन येईन, रेकॉर्डर न नेता. त्यांनी सांगितलं तर ते दोन तास त्यांच्यासमोरच पुसेन.

एक राहिलं: घरातलं माणूस साक्षीला असेल आणि जमिनीवरून त्याच घरात वाद असेल, तर काय करावं? कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.